तळहाताचा दर

प्रयोगशाळेत पाऊल टाकल्या टाकल्या सर्जेराव तोडकरांना ती खुर्ची दिसली आणि भर बाजारात वर्गमित्र भेटावा तसा त्यांचा चेहरा फुलला. निळी खुर्ची, उजव्या हाताला काळी चकचकीत पट्टी. करंजपूरच्या जनक्रीडा संकुलातली, पूर्व स्टँडची.

"शाहीन, खरं सांग, उचलून आणलीस?"

"भंगारात काढलेली होती, सर्जेदादा. रीतसर विकत घेतली."

"हॅत्! मग मजा काय राहिली?"

डॉ. शाहीन मुल्लाणी हसल्या. सर्जेरावांच्याच गल्लीत वाढल्या होत्या, आता शरीरशास्त्राच्या संशोधक होत्या, त्यामुळे त्यांना हा माणूस पाठ होता. पन्नाशी उलटलेला, लाउडस्पीकर भाड्यानं देणारा, आणि गावातल्या निम्म्या खोड्यांमागचा हात. एकदा त्यानं पंचाची शिट्टी बदलून बदकासारखी ओरडणारी शिट्टी ठेवली होती. फाउल झाला, पंचांनी ती फुंकली, आणि अकरा-अकरा खेळाडू गवतावर लोळून हसले.

"बसा. पट्टीवर तळहात ठेवा," शाहीन म्हणाल्या. "पट्टीत दर दिसेल, पाण्याच्या बाटलीचा."

दिसला. वीस रुपये.

समोरच्या पडद्यावर कुठल्याशा लांबच्या देशातली फुटबॉल मॅच लागली. बरोबरी झालेली, टायब्रेकर सुरू व्हायचा होता.

"कुठलं हाईत हे?"

"तुम्हाला काय करायचंय? पिवळ्यांची बाजू घ्या."

दोन मिनिटांत सर्जेराव पिवळ्यांच्या गोलकीपरला शिव्या घालत होते. तिसऱ्या किकला पट्टीत साठ आले. चौथीला एकशे दहा. शेवटच्या किकला सर्जेराव अर्धे उठून उभे होते, हात मात्र पट्टीवर, आणि आकडा होता एकशे नव्वद. पिवळे जिंकले.

"आता हीच मॅच परत लावते."

तोच गोलकीपर, त्याच किका. सर्जेराव पाहत होते, पण पायावर पाय टाकून. पट्टीत वीस. शेवटच्या किकलाही वीस.

"आता तुम्हाला शेवट ठाऊक आहे," कोपऱ्यातून एक बारीक आवाज आला. ते कुलभूषण उपाध्ये, अर्थगणिती. दोन वर्षं त्यांनी 'मैदानमित्र' कंपनीत दर ठरवायची गणितं मांडली होती आणि मग झोप लागेना म्हणून नोकरी सोडली होती. संकुलातल्या खाण्यापिण्याचा ठेका याच मैदानमित्रकडे होता.

"मला नीट सांगा, पण माझ्या भाषेत," सर्जेराव म्हणाले.

"उन्हानं तुमचं कपाळ भिजतं, पाठ भिजते," शाहीन म्हणाल्या. "तळहात उन्हाला फारशी दाद देत नाही. तो भिजतो जीव टांगणीला लागला की. मी धडधडमापी बनवला तो त्याच तत्त्वावर. पट्टी तळहाताचा ओलावा बघते, बोटातली नाडी बघते. स्टँडमध्ये कुणाचं हृदय दगा द्यायच्या बेतात असेल तर आधी कळावं, एवढाच हेतू होता माझा. महापालिकेनं लोकांच्या पैशातून तो प्रत्येक खुर्चीत बसवला." त्या थांबल्या. "आणि कंपनीनं त्यालाच गल्ला जोडला. पट्टीवर टिचकी मारली की खुर्चीखालून बाटली वर येते, पैसे खात्यातून जातात."

"कंपनीला तुमचा पगार माहीत नाही," उपाध्ये म्हणाले. "तहानसुद्धा कळत नाही. तिला एवढंच कळतं, की हा माणूस आत्ता जागचा हलणार नाही. जो हलणार नाही तो बाहेर नळ शोधायला जात नाही, आणि घासाघीसही करत नाही. त्याला त्या क्षणी दर वाढवायचा. आम्ही त्याला उत्कंठादर म्हणायचो. पाणी असो की सरबत, सुरुवात वीसपासून. प्रत्येक माणसाचा वेगळा, दर सेकंदाला वेगळा. आणि पट्टीची काच अशी, की आकडा फक्त बसलेल्यालाच दिसतो. शेजाऱ्याला ती काळी दिसते."

"मी पावडर लावून बघितली हाताला. गप्प पडून रामरक्षाबी म्हटली."

"काय झालं?"

"दर दहानं वाढला."

"तोंडाला खोटं बोलता येतं, दादा. तळहाताला नाही येत."

"म्हणजे कुणाचाच दर जागेवर राहत न्हाई?"

"राहतो की," उपाध्ये म्हणाले. "झोपलेल्याचा. नाहीतर आत्ता तुमचा राहिला तसा."

सर्जेराव खुर्चीतून उठले, हात पँटला पुसले. "मग आमच्याकडं अवघड हाय. झोपायला देतंय कोण? तीन वर्षं झाली संकुल होऊन, मोठी मॅच टायब्रेकरला गेली न्हाई असं एकदाबी झालं न्हाई."

उपाध्यांनी चष्मा वर सरकवला. "एकदाही?"

"कंजूस लोकांचं गाव हाय साहेब. पैसे वसूल झाल्याशिवाय मॅच संपू देत न्हाईत!" असं म्हणून सर्जेराव स्वतःच्याच विनोदावर खोखो हसले. उपाध्ये हसले नाहीत.

*

संकुल लोकांचं होतं. करंजपूरकरांनी सात वर्षं घरपट्टीबरोबर मैदान-कर भरला तेव्हा ते उभं राहिलं. दारात संगमरवरी पाटीच होती, 'नागरिकांच्या पैशातून, नागरिकांसाठी'. त्या पाटीच्या बरोबर खाली मैदानमित्रची माणसं नागरिकांच्या पिशव्या तपासून पाण्याच्या बाटल्या काढून घेत. सुरक्षेसाठी. आतले नळ दुरुस्तीला होते, उद्घाटनाच्या दिवसापासून.

एप्रिलमधल्या एका मॅचला, टायब्रेकर ऐन रंगात असताना, सर्जेरावांच्या बायकोच्या पट्टीत बाटलीचा दर तीनशे चाळीस झाला. मंगलवहिनी म्हणजे पूर्व स्टँडचा भोंगा. त्यांनी आरोळी ठोकली की समोरच्या नदीवेस संघाचे खेळाडू चेंडू सोडून वर बघायचे. पण त्या दिवशी त्या हट्टाला पेटल्या. "माझ्याच करातनं बांधलेल्या जागेत मला पाणी तीनशे चाळीसला? न्हाई पीत जा!" प्यायल्या नाहीत, आणि शेवटच्या किकच्या आधी खुर्चीतच चक्कर येऊन पडल्या.

शुद्धीवर आल्यावर म्हणाल्या, "अहो, ऐका. समद्यांना एक दर झाला की मला सांगा. तोवर माझी खुर्ची रिकामीच ठेवायची. दुसऱ्या कुणाला बसू दिलंत तर घरी येऊ नका."

खुर्ची रिकामी राहिली. त्याला चार महिने झाले. सर्जेरावांना मॅच बघताना डाव्या बाजूला गार वारा लागल्यासारखं वाटायचं. ही बाई शेजारी ओरडत नाही म्हणजे गोल झालाच नाही, असं त्यांचं व्हायचं. शेवटी ते ग्राहक आयोगाकडे गेले. आयोगानं पुरावा मागितला, एकाच क्षणी एकाच वस्तूचे वेगवेगळे दर. कंपनी म्हणत होती असं काही नाहीच. पैसे महिन्याला एकरकमी कापले जात, आणि पट्टीतला आकडा फक्त बसलेल्याला दिसे. कुणी कुणाला दर सांगतही नव्हतं. आपल्याला जास्त पडले असं कबूल करायला लाज वाटते माणसाला.

"मग सगळ्यांनी एकदमच लाज सोडायची," सर्जेरावांनी ठरवलं. बेत त्यांच्या स्वभावासारखाच होता. फायनलला टायब्रेकर लागला की त्यांनी खूण करायची, पूर्व स्टँडनं पट्टीवर हात ठेवायचा आणि आपापला दर बोंबलायचा. आयोगाच्या निरीक्षकबाई शाहीन आणि उपाध्यांबरोबर मधल्या रांगेत बसून स्वतःच्या कानांनी ऐकणार होत्या.

हा बेत त्यांनी सगळ्यात आधी सांगितला रंगराव मेथेंना.

रंगराव तेलवेस तालमीचे, म्हणजे सर्जेरावांच्याच फुटबॉल संघाचे, सेक्रेटरी. पहिलीपासून एका बाकावर बसलेले, एकाच पेरूच्या झाडावरून पडलेले. जुन्या मैदानाच्या दगडी पायऱ्यांवरही रंग्या उजवीकडे आणि सर्ज्या डावीकडे, आणि नव्या संकुलातही तसंच. आणि दिलदार तरी किती! मॅच शिगेला पोचली, बाकीच्यांच्या पट्ट्या पेटल्या, की रंगराव हात वर करून म्हणायचे, "गप बसा रं सगळी! कुणी खिशात हात घालायचा न्हाई. आज माझ्याकडनं." आणि अख्ख्या रांगेला लिंबू सरबत यायचं. त्यावरून दरवेळी भांडण. मी देतो, न्हाई मी देतो. जिंकायचे कायम रंगरावच. सर्जेराव बायकोला सांगायचे, "त्या माणसाचं काळीज बघ. चारशे रुपयाचा गलास दहा जणांना पाजतंय."

बेत ऐकून रंगरावांनी मान खाजवली. "आयडिया लई भारी भावा. पण टायब्रेकरला नको. तवा कोण कुणाचं ऐकतंय? हाफटाइमला कर."

"हाफटाइमला समद्यांचा दर सारखाच असतोय, रंग्या. फरक दिसायला जीव टांगणीला लागायला पाहिजे. फक्त मॅच टायब्रेकरला जायाला पाहिजे, तेवढीच काळजी हाय."

"ती काळजी सोड," रंगराव म्हणाले. "जातीय की."

*

गेली. तेलवेस दोन, नदीवेस दोन, जादा वेळ संपला. संध्याकाळचं ऊन पूर्व स्टँडच्या तोंडावर होतं. बक्षीस समारंभाचा लाउडस्पीकर तालमीनं तोडकर साउंडकडूनच घेतला होता, त्यामुळे बिनतारी माइक सर्जेरावांच्या खिशातच होता.

पहिल्या तीन-तीन किकांचे सहाही गोल झाले. तीन-तीन. अख्खा स्टँड खुर्च्यांतून अर्धा उठलेला होता. सर्जेरावांनी माइक तोंडाला लावला.

"पूर्व स्टँड! हात पट्टीवर! लिंबू सरबताचा दर... बोला!"

आणि स्टँड फुटला.

"तीनशे दहा!"

"दोनशे नव्वद!"

"चारशे पाच! अगं आई गं, चारशे पाच!"

"मला तीनशे आणि ह्या टकल्याला दोनशे? का रं, तुला तालमीचं काय पडलंय का न्हाई?"

"एकशे दहा!"

"त्याची सासू शेजारी बसलीय. त्याला मॅचचं टेन्शनच न्हाई!"

हशा उसळला. मधल्या रांगेत निरीक्षकबाई उभ्या राहून चारी बाजूंना मान वळवत होत्या आणि उपाध्ये आयुष्यात पहिल्यांदा दात दाखवून हसत होते. जिंकलो, मंगल! त्यांच्या स्वतःच्या पट्टीत तीनशे पंच्याऐंशी होते. ते आनंदानं उजवीकडे वळले.

"रंग्या, तुझा किती?"

रंगरावांचे दोन्ही हात नेहरू शर्टाच्या खिशात होते.

"माझं कशाला आता?"

"अरं बोल की मर्दा! कंपनीची वाजवायची हाय!" सर्जेरावांनी थट्टेतच त्यांचं मनगट धरून बाहेर ओढलं, पट्टीवर दाबलं, आणि आकडा दिसावा म्हणून आपलं डोकं थेट त्यांच्या छातीपुढे घुसवलं.

वीस.

यंत्र बिघडलं असणार. त्यांनी हात उचलून परत ठेवला. वीस. मैदानात नदीवेसचा खेळाडू मधल्या रेषेवरून चौथ्या किकला चालत निघाला होता, वीस हजार माणसं श्वास धरून होती, आणि रंगरावांचा तळहात सर्जेरावांच्या मुठीत होता. कोरडा. देवळातल्या फरशीसारखा गार आणि कोरडा.

झोपलेल्याचा, उपाध्ये म्हणाले होते. नाहीतर आत्ता तुमचा राहिला तसा.

सर्जेरावांनी डोकं वर काढलं. तीन वर्षांची लिंबू सरबतं त्यांच्या घशाशी आली. चारशेचा गलास नव्हताच तो कधी. वीसचा होता.

"शेवट सांग," ते म्हणाले.

"सर्ज्या, आता हितं नको."

"शेवट सांग, रंग्या."

"तालमीचं छप्पर कुठनं आलं? पोरांचं बूट, त्या कॅप्टन धैर्यशीलच्या गुडघ्याचं आपरेशन? वर्गणीतनं?" रंगराव खालच्या आवाजात भराभर बोलत होते. "मैदानमित्र दोन्ही तालमींना देतंय. हरायला न्हाई देत रं. जिंकायला न्हाई देत. फक्त शेवटपर्यंत न्यायची. कुणाचं नुकसान हाय त्यात? लोकांना कसली मॅच बघाय मिळतीय! तू सोता नाचलाईस की नव्हं?"

नाचले होते. मागच्या वर्षी तेलवेस पाचव्या किकला जिंकली तेव्हा सर्जेराव आणि मंगलवहिनी चौकात नाचले होते, आणि सर्जेराव रंग्याच्या गळ्यात पडून रडले होते. रंग्यानं पाठ थोपटली होती. तेव्हाही हात कोरडाच असणार.

"मंगल पडली तवा ठाऊक होतं तुला? कोण जिंकणार ते?"

रंगरावांनी मान मैदानाकडे फिरवली.

"मला खोटं तरी सांग."

"तुला तोंडावर खोटं कधी बोललो न्हाई," रंगराव म्हणाले. "तू इचारलं नव्हतंस." मग ओठ न हलवता सगळं सांगून टाकलं. "नदीवेसची चौथी डावीकडनं खाली. आपली उजवीकडनं वर. पाचवी त्यांची मधनं. आपली... धैर्यशील बारवरनं घालवणार."

माइक अजून हातातच होता, आणि चालू होता की बंद, याकडे सर्जेरावांनी आयुष्यात पहिल्यांदा लक्ष दिलं. बंद होता. पुरावा तर मिळालाच होता. गप्प बसलं तर दर एक होईल, मंगल परत येईल, रंग्या शेजारी बसेल, टायब्रेकर होत राहतील. सगळं जाग्यावर. फक्त आपल्याला ठाऊक असेल. म्हणजे आपला हातही आता कायमचा कोरडा. आणि शेजारी मंगल गळा फाडून ओरडत असेल.

त्यांनी बटण दाबलं.

"मंडळी, सर्जेराव तोडकर बोलतोय. शेवट सांगतो. नदीवेसची चौथी डावीकडनं खाली, गोल. आपली चौथी उजवीकडनं वर, गोल."

स्टँड खदखदून हसला. "सर्ज्या, बदकाची शिट्टी काढ!" कुणीतरी ओरडलं. मैदानातले खेळाडूही हसले असावेत. सर्ज्याचं बोलणं कोण मनावर घेतो?

नदीवेसची किक डावीकडून खाली गेली. गोल. हसू थोडं पातळ झालं. तेलवेसची उजवीकडून वर गेली. गोल. आता कुणीच हसत नव्हतं.

"त्यांची पाचवी मधनं," सर्जेराव म्हणाले. स्पीकर त्यांचेच होते, आवाज स्वच्छ होता. नदीवेसचा खेळाडू धावत सुटला होता, त्याला थांबताही येईना. मधून. गोल. तेलवेसच्या गोलकीपरनं आधीच बाजूला उडी घेतली होती, तो गवतावर तसाच पडून राहिला, उठलाच नाही.

"आणि आपला कॅप्टन धैर्यशील बारवरनं घालवणार. तीन वर्षं समद्या मॅचा अशाच. आपली धडधड ती त्यांची कमाई."

स्टँडमध्ये एक चमत्कारिक गोष्ट घडत होती आणि ती आधी पुढच्या रांगेतल्या टकल्या माणसाला दिसली. "वीस," तो म्हणाला. ओरडून नाही, स्वतःशीच. मग मागून कुणीतरी, "माझाबी वीस." "वीस." "हितं वीस." हळूहळू रांगेमागून रांग, बाप मेल्यासारख्या आवाजात, वीस, वीस, वीस. निरीक्षकबाईंनी शाहीनच्या पट्टीकडे बोट केलं, शाहीननं मान हलवली. अख्ख्या करंजपूरला एक दर लागू झाला होता.

मैदानात धैर्यशील चेंडूमागे उभा होता. बारवरून घालवली तरी तेच, आत घातली तरी काय उरणार होतं? त्यानं चेंडूकडे बघितलं, स्टँडकडे बघितलं, आणि तो पेनल्टीच्या ठिपक्याशेजारी मांडी घालून खाली बसला. पंचांनी शिट्टी तोंडाला लावली, पण फुंकली नाही.

मग पूर्व स्टँडमधली माणसं एकेक करून वळली. मैदानाकडे नाही, वर, रंगराव मेथेंच्या खुर्चीकडे. तालमीच्या सेक्रेटरीकडे. काहीजण पायऱ्या चढायला लागले होते.

रंगरावांचा हात पट्टीवर तसाच राहून गेला होता. काढायचं भानच नव्हतं. सर्जेरावांनी परत एकदा वाकून बघितलं. पस्तीस. नव्वद. दोनशे चाळीस. आकडा बघता बघता पळत होता. पाचशेच्याही पुढे गेला. त्या मैदानात आता एकाच माणसाला पुढं काय होणार हे ठाऊक नव्हतं.

"सर्ज्या," रंगरावांची जीभ टाळ्याला चिकटली होती. "जरा पाणी..."

सर्जेरावांनी आपला तळहात आपल्या पट्टीवर ठेवला. वीस. त्यांनी टिचकी मारली, खुर्चीखालून बाटली वर आली. त्यांनी तिचं झाकण फिरवलं आणि ती रंगरावांच्या ओल्याचिंब हातात दिली.

"घे," ते म्हणाले. "आज माझ्याकडनं."